अमळनेरची सहा वर्षं

साहित्य शिकणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षाला आल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो. पुढे काय करणार? मग आपण यादी म्हणून दाखवतो. एम.ए., नेट-सेट, स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, भाषांतर, जाहिरात. यादीच्या अगदी शेवटी, आवाज जरा खाली आणून, आपण बी.एड. म्हणतो. म्हणजे यातलं काहीच जमलं नाही तर शाळेत शिकवू. त्यातही वरचे वर्ग मिळाले तर बरं, नाहीतर मग सहावी-सातवी आहेच. सहावी-सातवीच्या मुलांना शिकवणं हे आपल्या यादीतलं सगळ्यात खालचं काम.

साने गुरुजींचं चरित्र मी या प्रश्नासाठी वाचायला घेतलं. गुरुजी आपल्याला तसे पाठ असतात. 'श्यामची आई', शाळेत म्हटलेली त्यांची प्रार्थना, पांढरी टोपी, डोळ्यांत पाणी. पंढरपूरचं उपोषण माहीत असतं, तुरुंगवास माहीत असतो. पण त्यांना गुरुजी म्हणतात ते कशामुळे, ते नेमके किती वर्षं मास्तर होते, असं कुणी विचारलं तर आपण गप्प होतो. उत्तर आहे सहा वर्षं. १९२४ ते १९३०, गाव अमळनेर. पन्नास वर्षांच्या आयुष्यातली फक्त सहा. बाकीचं सगळं आयुष्य राजकारण, तुरुंग, लेखन आणि समाजकार्य यांत गेलं. तरी नावाला चिकटलं ते गुरुजी. का, याचा शोध घ्यायचा तर आधी श्यामचं बालपण थोडक्यात आठवू या.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ला कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणं खोताचं होतं, पण वैभव ओसरत चाललं होतं. वडील सदाशिवराव कर्जात आणि भाऊबंदकीच्या वादात बुडत गेले. आई यशोदाबाई यांच्या वाट्याला मोठ्या घरातून निघून गरिबीत संसार करणं आलं. ही सगळी हकीकत 'श्यामची आई'त आहे, त्यामुळे ती पुन्हा सांगत नाही. एवढंच सांगते की शिकण्यासाठी या मुलाला फार वणवण करावी लागली. आधी तो दापोलीच्या मिशन शाळेत शिकला. आपल्यासारख्या मिशनच्या कॉलेजात शिकणाऱ्यांना हे वाचून आपलेपणा वाटावा. मग पैसे पुरेनात म्हणून तो औंध संस्थानात गेला, कारण तिथे गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असं कळलं होतं. तिथे प्लेग आला. तिथून पुण्याला, नूतन मराठी विद्यालयात. कधी हाताने स्वयंपाक, कधी अर्धपोटी अभ्यास. पुण्यात असतानाच १९१७ साली आई गेली आणि शेवटची भेट झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली.

१९२२ साली ते मराठी आणि संस्कृत घेऊन बी.ए. झाले. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरला आले. अमळनेर म्हणजे बोरी नदीकाठचं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. गिरणीमालक प्रताप शेठजींच्या आश्रयाने तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं. ही संस्था देशभर नावाजलेली होती. तिथे राहून १९२४ साली साने एम.ए. झाले. आता इथेच राहून ग्रंथ लिहायचे, नाहीतर कुठल्यातरी कॉलेजात प्राध्यापक व्हायचं, असा सरळ रस्ता समोर होता. त्यांनी त्याच गावातल्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तरकी धरली.

तेव्हाच्या शाळेची रचना आजच्यासारखी नव्हती. मराठी चौथी झालेली मुलं इंग्रजी शाळेत यायची आणि मॅट्रिकपर्यंत तिथेच राहायची. म्हणजे शाळेत पाऊल टाकणारं मूल दहा-अकरा वर्षांचं असायचं. आज मध्य प्रदेशात आम्ही ज्याला मिडल स्कूल म्हणतो ते वय. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांची मुलं अमळनेरला यायची. घरापासून लांब, पहिल्यांदाच आईवेगळी. ती शाळेच्या वसतिगृहात राहायची. तरुण साने मास्तरांकडे थोड्याच काळात या वसतिगृहाची जबाबदारी आली आणि इथून त्यांची खरी मास्तरकी सुरू झाली असं मला वाटतं.

वॉर्डन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं ते आपण सगळे जाणतो. हजेरी, कुलूप, दंड आणि सूचनाफलक. साने मास्तरांनी यातलं काही केलं नाही. मुलं खोलीत नसताना ते खोल्यांतून फिरायचे. कुठे अंथरूण तसंच पडलेलं, कुठे केर, कुठे कपड्यांचा ढीग, कंदिलाची काच काजळीने काळी झालेली. मास्तर काही न बोलता झाडू घ्यायचे, अंथरूण गुंडाळायचे, कपड्यांच्या घड्या करायचे, काच पुसून ठेवायचे. मुलं परत यायची तेव्हा खोली लख्ख. पहिल्यांदा मुलांना गंमत वाटली असेल. मग कळलं की हे मास्तर करतात. मग लाज वाटायला लागली. मग मुलं स्वतःच आवरायला लागली.

या गोष्टीवर मी बराच विचार केला. हीच युक्ती कॉलेजच्या मुलांवर चालली असती का? आपल्यापैकी कित्येकांनी खुशाल आवरून घेतलं असतं आणि वर पार्टी केली असती. अगदी लहान मुलांवरही ती चालली नसती. चार-पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी आपलं करणं हा हक्कच वाटतो. ही युक्ती चालते ती अकरा ते चौदा या वयात. या वयातल्या मुलाला कुणी आपलं काम केलेलं आवडत नाही, कारण त्याला मोठं व्हायचं असतं. पण मोठी माणसं जे करतात ते बघून बदलायची तयारीही त्याच्यात अजून असते. उपदेश केला तर ते डोळे फिरवतं. करून दाखवलं तर गप्पपणे बघतं आणि दोन दिवसांनी तेच करतं. गुरुजींना हे वय बरोबर कळलं होतं. आणि त्यांचा आनंद याच ठिकाणी होता. मुलाने आपल्याला धन्यवाद द्यावेत यात तो नव्हता. एक दिवस खोलीत गेल्यावर आपल्याला करण्यासारखं काही उरलेलंच नाही, यात होता.

आजारी मुलांची शुश्रूषा ते आईसारखी करायचे. ज्याची फी राहिली असेल त्याची फी आपल्या पगारातून भरायचे. आणि रात्री गोष्टी सांगायचे. रामायण-महाभारतातल्या, इतिहासातल्या, परदेशी कादंबऱ्यांतल्या. वर्गात इंग्रजी किंवा मराठीचा धडा असो, त्याच्याही बाहेर जाऊन ते जगातल्या मोठ्या माणसांबद्दल बोलायचे. वसतिगृहाच्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढलं. दैनिक हा शब्द नीट वाचा. मासिक नाही, दैनिक. शाळा, वसतिगृह, आजारी मुलं, आणि त्यावर रोज स्वतःच्या हाताने लिहायचं. आपलं हे ई-मासिक काढताना मजकूर गोळा करण्यासाठी संपादक मंडळाची जी धावपळ होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामाचा अंदाज येईल. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं.

हे वाचताना कॅथलिक घरात वाढलेल्या माझ्यासारखीला डॉन बॉस्को आठवल्याशिवाय राहत नाही. इटलीतल्या तुरीन शहरात एकोणिसाव्या शतकात त्यांनी रस्त्यावरची, कारखान्यांत राबणारी पोरं गोळा केली. मुलांनी चूक करायची वाट बघून शिक्षा देण्यापेक्षा आपण सतत त्यांच्यात असावं, खेळात असावं, जेवणात असावं, म्हणजे चुकीची वेळच येत नाही, असा त्यांचा विचार होता. साने गुरुजींनी डॉन बॉस्को वाचले होते का, याच्याशी मला कर्तव्य नाही. दोघांच्याही घरी लहानपणी ओढाताण होती, दोघांच्याही मनात आई ठाण मांडून बसलेली होती, आणि दोघेही त्याच वयाच्या मुलांमध्ये रमले. एक पाद्री, एक खोताचा मुलगा. मुलांजवळ जायचा रस्ता मात्र दोघांना एकच सापडला.

इथे माझ्या गावाचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय गुरुजींची पुढची एक गोष्ट मला कळली नसती. आम्ही मलाजखंडला राहतो. बालाघाट जिल्ह्याच्या पूर्वेकडे, कान्हाच्या जंगलाजवळ. हिंदुस्तान कॉपरची तांब्याची मोठी खाण तिथे आहे आणि खाणीमुळे वसलेली टाऊनशिप आहे. एकेकाळी हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता, त्यामुळे मराठी इकडे परकी नाही. पण टाऊनशिपमध्ये कुठून कुठून आलेली माणसं आहेत. आजूबाजूच्या गावांत गोंड आणि बैगा आहेत, पोवारी बोलणारे आहेत. सुट्टीत घरी गेले की रविवारी मिस्सा झाल्यावर मी सहावी ते आठवीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. वर्गात बारा-पंधरा मुलं असतात. कुणाच्या घरी मल्याळम, कुणाच्या घरी कुडुख, कुणाच्या घरी तमिळ, आमच्या घरी मराठी. वर्गात सगळ्यांची मिळून हिंदी.

एका रविवारी मी त्यांना श्यामची पोहण्याची गोष्ट हिंदीतून सांगितली. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, आई त्याला शोधून शिंपटीने मारत बाहेर काढते, कारण आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये असं तिला वाटतं. मला वाटलं मुलं भारावतील. सातवीतली एक मुलगी ताडकन म्हणाली की आई चुकली, मारून भीती जात नाही. लगेच एक मुलगा म्हणाला की त्याचे वडीलही असंच करतात आणि त्यांचं बरोबर आहे. मग जे भांडण सुरू झालं ते अर्धा तास थांबेना. नेमून दिलेला धडा तसाच राहिला. पण अर्ध्या तासात त्या पोरांनी भीती, प्रेम, मार आणि लाज यांबद्दल जे बोलून घेतलं, ते आमच्या सेमिनारमध्येही मी ऐकलेलं नाही. वरच्या वर्गांतली मुलं परीक्षेला काय येणार ते विचारतात. ही मुलं गोष्टीशी भांडतात. त्यांना ती खरी वाटते म्हणून भांडतात. त्या दिवशी घरी जाताना मी खूप खूश होते आणि 'श्यामची आई'ची रचना मला नव्याने दिसली. ते पुस्तक प्रकरणांमध्ये नाही, रात्रींमध्ये विभागलेलं आहे. प्रार्थना झाली की श्याम एकेक आठवण सांगतो, ऐकणारे मित्र मध्ये बोलतात, काहीतरी विचारतात, उद्याची वाट बघतात. ही वसतिगृहातली रात्र आहे. अमळनेरची.

पण ते पुस्तक अमळनेरला लिहिलं गेलं नाही. १९३०च्या एप्रिलमध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या वातावरणात, गुरुजींनी शाळा सोडली आणि चळवळीत उडी घेतली. ज्या मुलांमध्ये जीव अडकला होता त्यांना सोडून जाणं त्यांना सोपं गेलं नसणार. पण सहा वर्षं ज्यांना देशासाठी झिजायच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्यासमोर आपण पगार घेत बसून राहायचं हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. करून दाखवायची सवय त्यांना महागात पडली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट दक्षिणेत त्रिचनापल्लीचा.

त्रिचनापल्लीला वेगवेगळ्या प्रांतांतले, वेगवेगळ्या भाषांचे कैदी एकत्र होते. एका देशासाठी तुरुंगात आलेल्या माणसांना एकमेकांची भाषा, एकमेकांचं साहित्य माहीत नाही, हे गुरुजींना तिथे जाणवलं. तिथेच ते तमिळमधल्या 'कुरल'कडे वळले आणि त्यांनी त्याचं मराठी भाषांतर केलं. पुढे आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतातल्या सगळ्या भाषांची मुलं एकत्र यावीत, एकमेकांच्या भाषा शिकावीत, एकमेकांच्या घरी राहावीत असं त्यांचं स्वप्न होतं. त्यासाठी संस्था काढायची म्हणून त्यांनी निधी जमवायला सुरुवात केली. मलाजखंडच्या माझ्या वर्गात बसलेली ती बारा-पंधरा डोकी पाहिली की हे स्वप्न मला पुस्तकी वाटत नाही. खाणीने नकळत एक छोटी आंतरभारती तिथे करून ठेवली आहे. फक्त तिला गुरुजी हवेत.

१९३२ साली गुरुजी पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा भावे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. गुरुजी समोर बसून ती उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते त्या लिहून घेण्यामुळे. शिकवणारा माणूस विद्यार्थी होऊन वही घेऊन बसतो, याहून चांगला धडा मास्तरकीत नसेल.

आणि मग नाशिकचा तुरुंग. १९३३च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला सुरू करून १३ तारखेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चा मोठा भाग लिहून काढला. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री आणि पहाटे लेखन. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झालं. पाच दिवसांत असं पुस्तक कसं होतं, याचं आश्चर्य सगळे करतात. मला वाटतं या आठवणी त्यांच्या मनात आणि तोंडात आधीच घोळलेल्या होत्या. मुलांसमोर बोलताना कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, कुठला शब्द मुलाला अडेल आणि कुठला नाही, हे सहा वर्षांत जिभेवर बसलं होतं. हातात लेखणी आली तेव्हा ते कागदावर उतरलं. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. मराठीतलं बहुधा सगळ्यात जास्त घरांत गेलेलं हे गद्य सहावी-सातवीच्या वयाच्या मुलांसमोर घडलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. त्याच्या मुळाशी कंदिलाच्या उजेडातली ती पोरं आहेत.

नंतरच्या लेखनातही मुलं सुटली नाहीत. 'धडपडणारी मुले' या कादंबरीत वसतिगृह आणि त्यातले विद्यार्थीच आहेत. परदेशी कादंबऱ्या त्यांनी मुलांना समजतील अशा मराठीत आणल्या. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'वरून 'दुःखी', जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर'वरून 'मनूबाबा'. आपण ज्या पुस्तकांवर वर्गात टिपणं काढतो, ती पुस्तकं त्यांनी खेड्यातल्या मुलासाठी गोष्टी करून ठेवली. चोराला चांदीच्या समया देऊन टाकणारा ह्यूगोचा बिशप मराठी मुलांना भेटावा असं गुरुजींना का वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. न सांगता दुसऱ्याची खोली झाडून ठेवणाऱ्या माणसाला तो बिशप ओळखीचाच वाटला असणार.

गुरुजींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ते फार रडवतात. समीक्षेच्या वर्गात हा आक्षेप मीही ऐकला आहे आणि तो अगदीच खोटा नाही. काही पानं आज वाचताना ओलावा जास्त वाटतो. पण रडणारा माणूस दुबळा असतो हे मात्र त्यांच्या चरित्राने खोटं ठरवलं. १ मे १९४७ला, स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर असताना, ते पंढरपूरला उपोषणाला बसले. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं ही मागणी होती. त्याआधी त्यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्र जागा केला होता. विरोध कडवा होता. सुमारे दहा दिवसांनी उपोषण सुटलं आणि मंदिराचा दरवाजा सगळ्यांना उघडा झाला. देव सगळ्यांचा आहे असं नुसतं सांगत बसण्यापेक्षा स्वतःचा जीव पणाला लावायचा, हे पुन्हा तेच अमळनेरचं मास्तरपण. १९४८ साली गांधीजींची हत्या झाल्यावर त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ते आजही पुण्याहून निघतं.

इथपर्यंत चरित्र लिहिणं सोपं असतं. पुढचं एक वाक्य बहुतेक शाळांत सांगितलं जात नाही. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

शिकवण्याच्या आनंदावर लेख लिहिताना हे वगळावं असं मला वाटलं होतं, पण ते बरोबर झालं नसतं. जो माणूस मुलांमध्ये एवढा रमला, ज्याने लाखो मुलांना आनंद दिला, त्याच्या वाट्याला हे कसं आलं? मग तो आनंद खरा नव्हता का? मी यावर सोपं उत्तर देणार नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांचं मन फार खचलं होतं. नव्या देशाचं चित्र त्यांनी मुलांना सांगितलेल्या गोष्टींसारखं दिसत नव्हतं. दुसऱ्याचं दुःख आपलं करून घ्यायची जी शक्ती वसतिगृहात कामाला आली, तीच शेवटी त्यांच्यावर उलटली असावी. आमच्या चर्चमध्ये पूर्वी अशा मृत्यूबद्दल फार कठोरपणे बोललं जायचं. १९९२ साली आलेल्या नव्या धर्मशिक्षणग्रंथात मात्र मनाच्या गंभीर आजाराची, असह्य यातनेची दखल आहे आणि अशा माणसांसाठी चर्च प्रार्थना करते असं स्पष्ट सांगितलं आहे. मला हा बदल योग्य वाटतो. गुरुजींच्या शेवटाने त्यांची अमळनेरची सहा वर्षं खोटी ठरत नाहीत. त्या काळातला आनंद खरा होता. त्याचा पुरावा म्हणजे पुढची वीस वर्षं ते मुलांसाठी लिहीत राहिले, पुतणीला निसर्गावर, जगावर, माणसांवर लांबलचक पत्रं लिहीत राहिले. ती पत्रं आपण 'सुंदर पत्रे' म्हणून वाचतो.

पण त्या शेवटातून मी एक गोष्ट घेतली. मुलांची खोली आवरणारा मास्तर आपल्याला दिसतो. त्या मास्तरच्या खोलीत डोकावून, तुम्ही कसे आहात, असं विचारणारं कुणी होतं का, हे आपण विचारत नाही. शिक्षकाने आनंद वाटत राहायचं आणि त्याला कधी काही होत नाही, असं आपण धरूनच चालतो. आपल्यापैकी जे शिक्षक होणार आहेत त्यांनी मन जड झालं तर ते कुणाजवळ तरी बोलावं, मित्राजवळ, घरच्यांजवळ, डॉक्टरांजवळ. आणि जे शिक्षक होणार नाहीत त्यांनी आपल्या एखाद्या जुन्या मास्तरांना, बाईंना सहज एक फोन करावा.

आता राहिला पुढे काय करणार हा प्रश्न. यादीतलं बाकी काही जमत नाही म्हणून साने गुरुजी शाळेत गेले नव्हते. तत्त्वज्ञानाची पदवी, भाषांवरचं प्रभुत्व, लिहिण्याची ताकद, हे सगळं घेऊन ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांकडे गेले. त्या मुलांना यातलं काही कमी लागतं असं त्यांना वाटलं नाही. उलट ते सगळं तिथेच कामाला आलं, आणि तिथून मिळालेलं आयुष्यभर पुरलं. मी या वर्षी बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. यादीत तो सगळ्यात वर लिहिला आहे आणि कोणते वर्ग आवडतील असं कुणी विचारलं तर सहावी ते आठवी असं सांगणार आहे.

११ जूनला गुरुजींचा स्मृतिदिन असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा त्यानंतर थोड्याच दिवसांत उघडतात. नव्या दप्तरांची, नव्या वह्यांची, पाचवीतून सहावीत आलेली, अजून लहान आणि आता मोठी व्हायला निघालेली मुलं वर्गात येऊन बसतात आणि दरवाजाकडे बघत राहतात, यंदा आपल्याला कोण शिकवणार म्हणून.